पांढरीखालचा खानदेश

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ नावाचं गाव आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते शके ११४४ च्या शिलालेखामुळे माहीत होतं. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या अनंतदेव या ज्योतिषाने इथे देवीचं देऊळ उभारलं, असं तो लेख सांगतो. हा अनंतदेव भास्कराचार्यांच्या घराण्यातला. १९५२-५३ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे म. न. देशपांडे बहाळला आले ते मात्र नदीकाठचं टेकाड खणायला. खणत जावं तसे थर उलगडत गेले. वर ऐतिहासिक काळातली वस्ती, तिच्याखाली लोखंड वापरणाऱ्यांची आणि सगळ्यांत तळाशी तांबं आणि गारगोटीची पाती वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची. यादवांच्याही आधी दोन-अडीच हजार वर्षं या काठावर चुली पेटत होत्या.

चार वर्षांनी, १९५६-५७ च्या हंगामात, देशपांड्यांचं पथक पुन्हा गिरणेवर आलं. या वेळी नदीच्या पलीकडच्या तीरावर, टेकवाड्याला, त्याच काळातली दफनं मिळाली. काही दफनं मोठ्या रांजणांतली होती, शिवाय जमिनीत खड्डा घेऊन केलेलं दफनही होतं. सोबत ठेवलेल्या भांड्यांत आतून काळी, बाहेरून तांबडी अशी भांडी होती, काळ्या रंगाने नक्षी काढलेली तांबडी भांडीही होती. काहींवर टोकदार हत्याराने ओरखडून केलेल्या खुणा होत्या. अशाच खुणा पुढे दक्षिणेतल्या महापाषाणयुगीन थडग्यांतल्या भांड्यांवर दिसतात. म्हणूनच टेकवाड्याचं नाव भारतीय पुरातत्त्वाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येत राहिलं. एका तीरावर राहायचं गाव आणि दुसऱ्या तीरावर मृतांची जागा, असं चित्र तिथे उभं राहिलं.

टेकवाड्याच्या या दफनांवर ना मातीचा उंचवटा होता, ना दगडांचं कडं. वरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे याची चाहूलही लागली नसती. जगभर आज विमानातून लेझरचे किरण सोडून प्रागैतिहासिक थडग्यांचे उंचवटे शोधले जातात आणि या तंत्राने काही वर्षांत जे हाती लागलं ते आधीच्या शंभर वर्षांत लागलं नव्हतं. हे तंत्र खानदेशात आणायचं म्हटलं, तर त्याने इथे नेमकं काय शोधायचं हा प्रश्न टेकवाड्यापासूनच सुरू होतो.

*

दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी एरवी आपले मृत घरापासून फार लांब नेले नाहीत. नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव या ठिकाणच्या उत्खननांतून त्यांची रीत चांगलीच स्पष्ट झाली आहे. लहान मूल गेलं की दोन रांजण घ्यायचे, मूल आत ठेवायचं, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि घराच्याच जमिनीखाली खड्डा घेऊन ते आडवे पुरायचे. वरून जमीन पुन्हा चोपायची, सारवायची. त्याच जमिनीवर घरातलं रोजचं जगणं चालू राहायचं. मोठ्या माणसाला डोकं उत्तरेकडे आणि पाय दक्षिणेकडे करून उताणं निजवत. अनेक सांगाड्यांत घोट्याखालची पावलं नाहीत. ती पुरण्यापूर्वी तोडलेली होती. गेलेल्याने उठून दुसरीकडे जाऊ नये, घराजवळच राहावं, अशी त्यामागची समजूत असावी, असा अर्थ पुरातत्त्वज्ञांनी लावला आहे.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात अशी दोनशेहून अधिक दफनं मिळाली. त्यांतलं एक वेगळंच होतं. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा रांजण पुरलेला होता आणि आत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा पाय दुमडून बसवलेला होता. याची पावलं शाबूत होती. गावचा प्रमुख असावा, असं उत्खनकांचं मत पडलं. नेवाशाला एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला धागाही टिकून राहिलेला आढळला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी ओवलेली ती माळ. अशा गोष्टी हाताने, ब्रशने आणि बारीक करणीनेच हाती येतात.

इनामगाव भीमेच्या खोऱ्यात, नेवासे प्रवरेवर. पण तापी-गिरणेचे शेतकरी त्याच कुळातले. खरं तर या कुळाची महाराष्ट्रातली पहिली पावलं खानदेशातच पडली. तापीकाठच्या सावळदा गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळालं, ती सावळदा संस्कृती इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या आसपासची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांची. या लोकांनी आपल्या भांड्यांवर बाणांची टोकं, मासे मारायचे काटेरी भाले आणि प्राणी रंगवले. त्यांच्यामागून माळवा आणि जोर्वे या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्कृती आल्या आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातली ही गावं ओस पडत गेली.

*

लेझरच्या तंत्राला लायडार म्हणतात. विमानाच्या, हेलिकॉप्टरच्या किंवा ड्रोनच्या पोटाशी बसवलेलं यंत्र सेकंदाला लाखो अदृश्य किरणांचे ठोके जमिनीकडे सोडतं आणि प्रत्येक ठोका आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. जाऊन-येऊन म्हणजे १५ सेंटिमीटरचं अंतर. घड्याळ इतकं सूक्ष्म असेल आणि त्या क्षणी विमान नेमकं कुठे होतं, किती कललं होतं हे उपग्रहांच्या आणि तोलमापक यंत्रांच्या मदतीने कळलं, तर खालच्या प्रत्येक ठिपक्याची उंची काढता येते.

खरी किमया जंगलावर दिसते. एका ठोक्यातला काही प्रकाश झाडाच्या शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांद्यांवरून, तर पानांच्या फटींतून वाट काढत थोडासा थेट जमिनीवर पोचतो आणि सगळ्यांत शेवटी परततो. संगणकात हे शेवटचे ठिपके वेगळे काढले की झाडं गळून पडतात आणि उघडी जमीन उरते. मग त्या जमिनीवर कृत्रिम ऊन पाडायचं, कधी पूर्वेकडून, कधी उत्तरेकडून, अगदी तिरकं. ढोपराएवढाही उंचवटा असेल तर त्याची सावली पडते. पायी चालणारा माणूस ज्यावरून न थबकता पुढे गेला असता, असा चढ नकाशावर स्पष्ट गोल दिसतो.

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या परिसरावरून २००१ साली असं उड्डाण झालं, तेव्हा शतकानुशतकं नांगर फिरून जवळजवळ सपाट झालेले अवशेष पुन्हा नजरेत आले. बेलीझमधल्या काराकोल या माया नगराचं जंगल २००९ साली असंच भेदलं गेलं. कंबोडियात अंगकोरच्या भोवतालचे रस्ते, तलाव आणि वस्तीचे चौक २०१२ च्या उड्डाणांनंतर एकसंध दिसू लागले. थडग्यांच्या बाबतीत सर्वांत बोलकं उदाहरण नेदरलँड्सचं. त्या देशाने आपल्या सगळ्या भूमीच्या उंचीचा नकाशा पाणी आणि पूर यांच्या व्यवस्थेसाठी करून घेतला होता. २०१९ पासून लायडन विद्यापीठ आणि गेल्डरलँड प्रांतातल्या वारसा-संस्थांनी त्याच नकाशाचे तुकडे सामान्य नागरिकांसमोर ठेवले आणि वेलुवे या जंगली, वाळूच्या पट्ट्यातले गोल उंचवटे शोधायला सांगितलं. शिक्षक, निवृत्त लोक, विद्यार्थी असे हजारो जण कामाला लागले. एकच तुकडा अनेकांच्या नजरेखालून जाई. आधी माहीत नसलेले हजाराहून अधिक संभाव्य उंचवटे त्यांनी दाखवून दिले. मग अभ्यासक त्यांतल्या जागांवर पायी गेले, जमिनीत नळी घालून मातीचे नमुने काढले आणि कुठला उंचवटा खरोखर थडग्याचा आहे ते तपासलं.

यातला शेवटचा टप्पा महत्त्वाचा. लेझर आकार दाखवतो. तो आकार कोणी, केव्हा, कशासाठी केला हे मातीलाच विचारावं लागतं.

*

वेलुवेसारखी थडगी महाराष्ट्रात आहेत, पण ती विदर्भात. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मोठाल्या धोंड्यांचं कडं, आत माती-मुरूम भरलेला आणि त्याखाली दफन. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी या वर्तुळांचं वर्णन १८७९ साली प्रसिद्ध केलं. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला, तर १९६० आणि १९७० च्या दशकांत शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड इथे काम केलं. माहुरझरीला माणसांबरोबर घोडे पुरलेले मिळाले आणि घोड्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकारही. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले हे लोक लोहविद्येत तरबेज होते आणि मृतांसाठी जमिनीवर ठळक खूण उभी करत होते.

नागपूरच्या भोवती शहर वाढतं आहे, खाणी आहेत, रस्ते रुंद होत आहेत आणि कड्यांतले धोंडे बांधकामासाठी उचलले जातात. झुडपांत आणि सागवानात दडलेल्या वर्तुळांची मोजदाद करायला लेझरसारखं साधन दुसरं नाही. विदर्भात हे तंत्र थेट थडगं दाखवेल. खानदेशात त्याला दुसरं काम आहे.

*

खानदेशात मृतांवर उंचवटा नाही. उंचवटा आहे तो जिवंतांच्या गावाचा. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली, मातीच्या भिंती उभारल्या, त्या पडल्या, त्यांवर पुन्हा नव्या उभ्या केल्या, राख आणि शेण टाकलं, कूड सारवले. हळूहळू काळ्या शिवारात पांढुरक्या, राखट मातीचं टेकाड वर आलं. शेतकरी त्याला पांढर किंवा पांढरी म्हणतो आणि पुरातत्त्वज्ञही तोच शब्द वापरतात. उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर, भेगाळलेल्या काळ्या रानात पांढरी लांबूनही ओळखू येते. तिच्यावर खापरांचा खच पडलेला असतो. जुन्या गावांपैकी कित्येक आजही आपल्याच पांढरीवर बसलेली आहेत, गल्ल्या चढणीच्या आणि देऊळ सगळ्यांत वर.

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं प्रकाशा हे याचं ठसठशीत उदाहरण. भाविकांसाठी ती दक्षिण काशी. १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी तिथलं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगाच्या तोंडापर्यंतचे चार कालखंड एकावर एक मिळाले. पहिल्या आणि दुसऱ्या कालखंडांच्या मध्ये मोठा खंड होता. पहिली गावं ओस पडली आणि कित्येक पिढ्यांनंतर लोखंड घेऊन आलेल्यांनी तीच जागा पुन्हा निवडली. प्रकाशा तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन झाल्यापासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. नदीकाठच्या जुन्या वस्तीला मात्र जिल्ह्याची हद्द लागू नव्हती. तापी, पांझरा, बोरी, गिरणा या एकाच जगाच्या वाटा होत्या.

प्रकाशा आणि बहाळ ही नावं गाजली. बाकीच्या पांढरी शोधल्या त्या पायांनी. शं. अ. साळी यांनी धुळे जिल्ह्यातल्या नदी-नाल्यांच्या काठांनी हिंडून अश्मयुगापासूनची स्थळं नोंदवली. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांनीच १९७२-७३ साली उत्खनन केलं आणि सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा त्यांना मिळाला. तापीच्या मधल्या खोऱ्यातल्या आद्य वस्त्यांचा पद्धतशीर धांडोळा पुढे वसंत शिंदे यांनी घेतला. साक्री तालुक्यात कवठे इथे म. के. ढवळीकर, शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९९० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. तिथे सावळदा संस्कृतीच्या लोकांची, जमिनीत खड्डे घेऊन वर छप्पर टाकलेली घरं मिळाली.

कवठ्याची गोष्ट लेझरच्या चर्चेत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथली वस्ती विस्ताराने मोठी, पण थर पातळ. लोक फार काळ टिकले नाहीत, त्यामुळे टेकाड उभंच राहिलं नाही. अशी जागा उंचीच्या नकाशावर शेजारच्या शेतासारखीच सपाट दिसणार. ती सापडते खापरांवरून आणि ती खापरं वेचायला माणूसच वाकायला हवा. रंगीत खापराचा नखाएवढा तुकडा तळहातावर घ्यायचा, थुंकी लावून पुसायचा, मातीखालून तांबूस रंगावर काळ्या रेघा उमटल्या की काळ ठरवायचा. खानदेशाचा प्रागितिहास अशाच तुकड्यांवर उभा आहे.

*

मग लेझर इथे काय दाखवेल? सगळ्यात आधी डोळ्यांत भरतील त्या माणसाने न घडवलेल्या गोष्टी. धुळे-नंदुरबार भागात काळ्या खडकाच्या भिंतींसारख्या लांबच लांब रांगा जमिनीतून वर आलेल्या आहेत. भेगांत शिरलेला शिलारस घट्ट होऊन झालेला हा खडक. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला डाईक म्हणतात. नकाशावर या रांगा एखाद्या तटबंदीसारख्या सरळ दिसतील आणि नवख्याला फसवतील. त्यांच्या जोडीला विटभट्ट्यांचे ढीग, विहिरीतून उपसलेल्या मुरुमाचे गोल ढिगारे, उकिरडे, वारुळं, शेतांचे बांध. गोल आकार दिसला म्हणून तो पुरातन ठरत नाही. संगणकाला आकार ओळखायला शिकवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण खानदेशाचा संगणक खानदेशाच्याच टेकाडांवर शिकवावा लागेल. वेलुवेच्या वाळूतला धडा इथल्या काळ्या मातीत चालायचा नाही.

माणसाने घडवलेल्याही पुष्कळ गोष्टी उमटतील. पांझरेच्या खोऱ्यातली फड बागायत शेकडो वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि फडाफडाने पाणी फिरवायचं. त्यातले वापरातून गेलेले पाट, बुजलेल्या चाऱ्या, पडलेले बंधारे यांचा माग उंचीच्या नकाशावर सलग लागू शकतो. मातीच्या गढ्यांचे बुरूज विरघळून गेले तरी त्यांची चौकट राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या जंगलात, आणि दक्षिणेला पाटण्याच्या डोंगरात झाडीखाली दडलेल्या वस्तीच्या जागा पाहायला याहून चांगली वाट नाही.

आणि उमटतील पांढरी. दोन हात उंचीची पांढरीसुद्धा सपाट काळ्या रानात लपत नाही. प्रत्येक पांढरीचा घेर, उंची, उतार, तिला पडलेल्या घळी आणि नदीने कापलेली बाजू, सगळं सेंटिमीटरांत मोजलं जाईल. मृत खाली आहेत, घरांच्या जमिनीखाली, रांजणांत. लेझर त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, पण त्यांच्यावरचं पांघरूण कुठे शाबूत आहे आणि कुठे फाटलं आहे हे तो सांगू शकेल.

हे मोजमाप आज का हवं, त्याची कारणं गावात फिरलं की दिसतात. पांढरीची माती चिकट, खारवट आणि पाणी अडवणारी, म्हणून खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर ती पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली. पावसाळ्याआधी गाड्या भरून माती आणायची आणि धाबं नव्याने लिंपायचं, हा वर्षाचा नेम होता. राखेने आणि शेणाने सकस झालेली हीच माती शेतकऱ्यांनी खत म्हणून रानात पसरली. हातातल्या फावड्याने शंभर वर्षांत जेवढी माती जाई, तेवढी जेसीबी आता एका दुपारी नेतो. गुप्तधनाच्या आशेने खणणारे आहेतच. नदीही आपल्या परीने काठ खाते. टेकाडाची बाजू ढासळते आणि कापलेल्या दरडीत राखेचे थर, चुलींच्या जागा आणि कधी एखाद्या रांजणाची गोलाई उघडी पडते. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेजेस झाली आणि काठच्या शेतीला पाणी मिळालं. अडवलेल्या पाण्याची पातळी काठालगतच्या जुन्या थरांचं काय करते, हे पाहण्यासाठी आधीचं आणि नंतरचं मोजमाप शेजारी-शेजारी ठेवता आलं पाहिजे.

एकदाच घेतलेला उंचीचा नकाशा फार तर यादी देईल. पाच वर्षांनी तोच पट्टा पुन्हा मोजला, तर एक नकाशा दुसऱ्यातून वजा करता येतो आणि कुठली पांढरी किती घनमीटर घटली याचा हिशेब आकड्यांत मिळतो. तक्रार, पंचनामा, संरक्षणाचा प्रस्ताव या सगळ्यांना असा आकडा लागतो. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा घोषित स्थळांना संरक्षण देतो. खानदेशातल्या बहुतेक पांढरी कुठल्याही घोषणेत नाहीत. गटाच्या उताऱ्यावर त्या फक्त शेत, गायरान किंवा गावठाण आहेत.

*

यासाठी लागणारं सामान या देशात नवं राहिलेलं नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग आखताना विमानातून लेझरमापन झालं. २०२१ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लायडारवर आधारलेले अहवाल जाहीर केले. त्यांत महाराष्ट्र होता आणि हेतू जंगलात पाणी आणि चारा वाढवण्याचा होता. त्याच वर्षी ड्रोनचे नियम आणि नकाशांची धोरणं सैल झाली. उंचीची अशी माहिती एकदा गोळा झाली की ती पाण्याच्या कामालाही येते आणि पुरातत्त्वाच्याही. डच लोकांनी हेच केलं.

आणखी एक साधन तर गावोगावी येऊन गेलं आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातल्या प्रयोगानंतर महाराष्ट्रात गावठाणांचं ड्रोनने भूमापन सुरू झालं आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. चुन्याने घरांच्या हद्दी आखायच्या, वरून ड्रोन फिरवायचा आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, असं हे काम. ड्रोनने टिपतात ते फोटो; लेझर त्यात नसतो. पण एकमेकांवर चढलेल्या फोटोंवरूनही जमिनीची उंची काढता येते. आणि जुनं गावठाण बहुधा पांढरीवरच असतं. घराच्या हद्दीसाठी टिपलेल्या या चित्रांत खानदेशाच्या शेकडो जुन्या वस्त्यांचे उंचवटे आलेले असणार. भूमी अभिलेख खात्याने आणि पुरातत्त्व खात्याने ती एकत्र बसून पाहावीत, एवढीच गरज आहे.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून कागदपत्रांची जपणूक केली. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागे त्यांचं दप्तर सांभाळण्यासाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेने खानदेशाला आपल्या लिखित भूतकाळाची सवय लावली. मातीतल्या भूतकाळासाठीही असंच घर हवं, जिथे प्रत्येक पांढरीची नोंद असेल: गाव, गट क्रमांक, उंची, घेर, वेचलेली खापरं, काठ ढासळल्याची तारीख. नेमक्या जागांचे आकडे खुले करू नयेत, नाहीतर गुप्तधनवाल्यांना आयता नकाशा मिळेल. ते जिल्ह्याच्या आणि खात्याच्या ताब्यात राहावेत. उड्डाणासाठी एप्रिल उत्तम. तोवर पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, गहू-हरभरा घरी आलेला असतो, सातपुड्यातला साग पानं गाळून मोकळा झालेला असतो आणि मे महिन्यात लागणारी बागायती कपाशी अजून जमिनीत गेलेली नसते. अडचण होईल ती रावेर-यावलच्या केळीबागांची. ती पानं बाराही महिने रुंद आणि हिरवी असतात, त्यामुळे तिथे किरण जमिनीपर्यंत कमीच पोचतील आणि तो पट्टा पायीच पाहावा लागेल.

पहिला पट्टा निवडायचा तर गिरणेचा. बहाळपासून सुरुवात करून दोन्ही काठ सोबतच मोजावेत, कारण एका तीरावर राहणाऱ्यांनी आपले मृत दुसऱ्या तीरावर नेले होते, हे टेकवाड्याने एकदा दाखवून दिलं आहे. दुसरा पट्टा पांझरा-कान नद्यांच्या खोऱ्याचा, जिथे कवठ्यासारख्या पातळ वस्त्यांवर या तंत्राची मर्यादा तपासून घेता येईल. नकाशा तयार झाला की जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो घेऊन टेकाडाटेकाडावर जावं, खापरं पाहावीत, दरडी पाहाव्यात आणि गावातल्या जाणत्या माणसांना विचारावं की पांढरी पूर्वी केवढी होती. तिची माती कोणत्या वर्षी, कुठल्या बाजूने आणि कशासाठी नेली, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही.